अलार्म होता, हँडल लॉक होतं, तरी गाडी गेली: एका बाईकचं पूर्ण प्रकरण

ही एका ओळखीतल्या माणसाच्या बाईकची हकीकत आहे. गाडी चोरीला गेली, नशिबाने लगेच सापडलीही, आणि त्यानंतर "आता नक्की काय बसवायचं ते तूच सांग" म्हणून त्याने मला बोलावलं, कारण गाड्यांच्या वायरिंगमध्ये आणि कुलपांमध्ये खुडबुड करायची मला जुनी सवय आहे. सहसा गाडी गेली की पुरावाही गाडीबरोबरच जातो आणि मागे राहिलेले लोक नुसते अंदाज बांधत बसतात. इथे मात्र कॅमेऱ्यात बरंचसं दिसलं होतं आणि गाडी परत हातात आल्यामुळे काय तोडलंय, काय कापलंय, कशाला हातही लावलेला नाही हे सगळं बघता आलं, म्हणून म्हटलं नीट लिहून काढावं. नावगाव लिहीत नाही, त्याला आपण मालकच म्हणू.

गाडी दोनशे सीसीची, वजन दीडशे किलोच्या आसपास, फ्युएल इंजेक्शन, पुढे-मागे डिस्क ब्रेक. चावीत चिप नाही, म्हणजे कंपनीचा इमोबिलायझर नाही. इमोबिलायझर असला की चावीतल्या चिपचा कोड ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, ओळखता आला तरच इंजिन चालू होतं, नुसत्या वायरी जोडून काही होत नाही. युरोपात नव्या कारना तो १९९८ पासून सक्तीचा आहे, पण मोटरसायकलींत अजूनही कित्येक मॉडेलांना नसतो, आणि घेताना कोणी विचारतही नाही, सगळे मायलेज विचारतात.

गाडी लावायची जागा इमारतीच्या खाली, खांबांमधलं उघडं पार्किंग. दोन बाजूंनी रस्ता, फाटक रात्री लोटलेलं असतं पण कुलूप नसतं, कारण लोक उशिरापर्यंत ये-जा करतात. मालक चौथ्या मजल्यावर राहतो आणि त्याची झोपायची खोली मागच्या बाजूला, पार्किंगच्या बरोब्बर उलट दिशेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या मते सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरलं.

आधीचा बंदोबस्त काय होता तर हँडल लॉक, बाहेरून बसवून घेतलेला रिमोटवाला अलार्म, आणि एक डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप, जे डिकीत पडून होतं. ते डिकीत का, तर एकदा सकाळी घाईत लॉक लावलेलंच विसरून त्याने गाडी पुढे काढली, लॉक फिरून कॅलिपरवर (चकती दाबणारा ब्रेकचा भाग) आपटलं, मडगार्डला चीर गेली आणि हा पडता पडता वाचला. त्यानंतर ते लॉक जे डिकीत गेलं ते गेलं. असं करणारे खूप लोक मी बघितलेत. खरं तर त्यावर अगदी साधा उपाय आहे, लॉकपासून हँडलच्या ग्रिपपर्यंत जाणारी भडक रंगाची स्प्रिंगसारखी दोरी मिळते, ती अडकवली की गाडीवर बसताना हाताला लागतेच. पण दुकानदार लॉक विकतो, दोरीबद्दल बोलत नाही, आणि लॉक घरी जाऊन पडून राहतं.

अलार्म बसवून वर्ष होऊन गेलं होतं. त्यात एक शॉक सेन्सर, एक सायरन, आणि रिमोटवरून इंजिन चालू करायची सोय. या सोयीचं मालकाला फार कौतुक होतं, सकाळी वरून बटण दाबून गाडी गरम करत ठेवायचा. तिचं पुढे बोलू.

चोरी होण्याआधीच्या रात्री

कॅमेरा पार्किंगच्या एका कोपऱ्यात, कोन फारसा चांगला नाही पण गाडीचा मागचा भाग दिसतो. चोरीच्या आधीच्या काही रात्रींचं रेकॉर्डिंग शिल्लक होतं ते आम्ही बसून बघितलं, आणि हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पहिल्यांदा एक माणूस फोनवर बोलत असल्यासारखा आत येतो, गाडीजवळून जाताना मागच्या टायरला हलकीशी लाथ मारतो आणि न थांबता दुसऱ्या बाजूने निघून जातो. सायरन वाजतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. अर्ध्या तासाने परत तेच. पुढच्या रात्री दोघं, एक बाहेर उभा, दुसरा आत, परत लाथ, परत सायरन, परत निघून गेले. त्याही पुढच्या रात्री पुन्हा. गाडीला हात लावायचा प्रयत्नच नाही, नुसतं वाजवून बघणं चाललंय.

वर काय चाललं होतं ते मालकाकडून आणि शेजाऱ्यांकडून कळलं. मालकाला पहिल्या रात्री काही ऐकूच आलं नाही. सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून सुनावलं, "अहो, तुमची गाडी आमची झोप उडवते आणि तुम्ही मात्र वर ढाराढूर!" दुसऱ्या रात्रीनंतर तीन घरांतून तक्रार. याला वाटलं सेन्सर बिघडला असणार किंवा मांजर उडी मारत असणार, म्हणून त्याने सेन्सरचा स्क्रू फिरवून संवेदनशीलता कमी केली. तरीही लाथ जोरात बसली की वाजायचाच. शेवटी त्याने रात्री अलार्म लावणंच बंद केलं, "रविवारी मेकॅनिकला दाखवतो" असं काकूंना सांगून. रविवार यायच्या आत गाडी गेली.

तर चोरांनी अलार्म तोडला नाही, वायर कापली नाही, रिमोटचा कोड चोरला नाही. त्यांनी इमारतीतल्या माणसांना इतकं कावून सोडलं की मालकानेच स्वतःच्या हाताने तो बंद केला. ही युक्ती जुनी आहे आणि कारच्या बाबतीतही चालते. तिला काहीही अवजार लागत नाही, आणि पकडलं तरी "चुकून पाय लागला" म्हणता येतं.

आता आवाजाचा हिशोब बघा, कारण "सायरन एवढा मोठा आहे की कान फाटतील" हे वाक्य मी मालकाच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलंय, ते सहसा एक मीटर अंतरावरचं असतं. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे वीस मीटरवर ८४ च्या आसपास उरले. बंद खिडकी त्यातले पंचवीस-तीस खाते, उरले पंचावन्न-साठ. हा हिशोब पार्किंगच्या बाजूच्या खोलीचा. मालकाची खोली उलट दिशेला, मध्ये अख्खी इमारत, त्यात आणखी पंधरा-वीस गेले, आणि खोलीत पंखा चालू. त्याला ऐकू येणारच नव्हतं. म्हणजे ज्यांना ऐकू येत होतं त्यांची गाडी नव्हती आणि ज्याची गाडी होती त्याला ऐकू येत नव्हतं. अशा अलार्मने होतं काय तर शेजाऱ्यांचा राग वाढतो, आणि तो राग चोराच्या उपयोगाचा असतो.

त्या रात्री

रात्री अडीचच्या सुमारास दोघं दुसऱ्या बाईकवर आले. एकजण आत आला, सवयीने टायरला लाथ मारली, काही वाजलं नाही. बाहेर जाऊन आला, पुन्हा मारली, शांत. मग त्याने हँडल एका बाजूला पूर्ण वळलेलं होतं त्याच्या विरुद्ध बाजूला पाय लावून जोरात झटका दिला, दुसऱ्या झटक्याला हँडल लॉक तुटलं. मिनिटभरसुद्धा लागला नाही.

लोकांना हँडल लॉक म्हणजे लोखंडी पहारेकरी वाटतो, पण आत एक बोटाएवढी पिन असते जी फ्रेमच्या नाहीतर फोर्कच्या भोकात जाते, आणि ती पिन स्टिअरिंगच्या मधल्या दांड्यापासून फार तर तीन-चार सेंटीमीटर लांब असते. हँडलचं टोक त्याच दांड्यापासून पस्तीस-चाळीस सेंटीमीटरवर. म्हणजे टोकाला लावलेला जोर पिनवर दहापट होऊन पोचतो, आणि तोही अख्ख्या शरीराच्या वजनाचा. पिन वाकते किंवा तिच्या भोवतालचं ओतीव अॅल्युमिनियम तुटतं. इथे लॉकची बॉडीच फुटली होती. हे लॉक येताजाता कोणी सहज गाडी ढकलून नेऊ नये एवढ्यापुरतंच आहे, त्याच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

त्यानंतर गाडी चालूसुद्धा केली नाही. न्यूट्रलमध्ये होती (मालकाची सवय), ढकलत फाटकाबाहेर काढली, एकजण तिच्यावर बसला, दुसऱ्याने आपल्या बाईकवरून एक पाय तिच्या मागच्या फूटरेस्टला लावला आणि दोन्ही गाड्या शांतपणे निघून गेल्या. इंजिनाचा आवाज एकाच गाडीचा, बघणाऱ्याला वाटेल पेट्रोल संपलंय आणि मित्र मदत करतोय.

सापडली कुठे तर थोड्याच अंतरावर मागच्या गल्लीत, एका बंद शटरसमोर इतर गाड्यांच्या रांगेत व्यवस्थित साईड स्टँडवर लावलेली. इमारतीतल्याच एका मुलाने ओळखली. मालकाला वाटलं चोर घाबरून टाकून गेले. मला तसं वाटत नाही. चोरलेली गाडी जवळपास कुठेतरी थोडे दिवस नुसती उभी करून ठेवायची आणि कोणी ट्रॅकर बघून शोधत येतंय का ते लांबून बघायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. कोणी आलं नाही तर गाडी स्वच्छ, मग न्यायची. म्हणून गाडी गेली तर पोलिसांत तक्रार द्यायचीच, चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचे चारी बाजूंचे फोटो फोनमध्ये असले की ते काम पटकन होतं, पण त्याबरोबर आजूबाजूच्या गल्ल्या, मोठ्या पार्किंगच्या जागा, दवाखान्यांसमोरच्या रांगा स्वतः फिरून बघायच्या. आणि दिसली तर एकट्याने हात लावायचा नाही, लांबून फोन करायचा, कारण बघणारे अजून तिथेच असू शकतात.

गाडी उघडून बघितल्यावर

हेडलाईटमागचा इग्निशनचा कप्लर, म्हणजे चावीच्या वायरींचा जोड, ओढून काढलेला होता आणि दोन वायरी सोलून ठेवलेल्या. सीटखालचा अलार्मचा डबा बाहेर लोंबत होता. हा डबा बघून मी मालकाला पहिल्यांदा रागावलो, म्हणजे अलार्म बसवणाऱ्यावर रागावलो पण समोर हाच होता. रिमोटवरून गाडी चालू करायची म्हणजे काय, तर चावी जी वायर जोडते तीच वायर हा डबा आतल्या रिलेने (विजेवर चालणारा स्विच) जोडतो, आणि सेल्फ स्टार्टरच्या वायरीचंही तसंच. म्हणजे चावीशिवाय गाडी चालू करायला ज्या वायरी शोधाव्या लागतात त्या सगळ्या बसवणाऱ्याने आधीच शोधून, सोलून, एका कप्लरवर आणून, सीटखाली ठेवलेल्या असतात. सीट तर स्क्रूड्रायव्हरने उचकटते. शिवाय स्वस्त रिमोटचा कोड ठरलेला असतो, दर वेळी बदलणारा नसतो, त्यामुळे एकदा बटण दाबताना कोणी तो सिग्नल जवळून पकडून ठेवला की नंतर तोच परत सोडून अलार्मही बंद करता येतो आणि इंजिनही सुरू होतं. गाडी गरम करायला चार मिनिटं लवकर खाली उतरायचं, पण ही सोय घ्यायची नाही, हे माझं ठाम मत.

मी मीटर लावून बघितलं तर अलार्म चालू असताना बॅटरीतून पंधरा मिलीअँपिअर जात होते. दिसायला कमी, पण दिवसाला ०.३६ अँपिअर-तास होतात. बॅटरी ४ अँपिअर-तासांची, म्हणजे अकरा दिवसांत पूर्ण झोपली, आणि सेल्फ मारायची ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते. बाहेरगावी जाताना हा अलार्म बंद करून जायचा तो याचसाठी. म्हणजे गाडी सगळ्यात जास्त वेळ एकटी असते तेव्हाच अलार्म बंद. नवीन घेताना हा आकडा विचारून घ्यायचा, आणि सांगता येत नसेल तर मीटर लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जोडण्याही बघायच्या. इथे वायर न कापता दाबून बसवायच्या प्लॅस्टिकच्या चिमट्या वापरल्या होत्या, त्यात पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं होतं. अशाने भर रस्त्यात गाडी बंद पडते ते वेगळंच.

मग काय केलं

मालक आला तेव्हा त्याचं एकच म्हणणं, "अरे, मोठ्ठ्या आवाजाचा अलार्म सांग." मी म्हटलं आधी आवाज विसर. कुलूप वेळ काढतं, अलार्म माणूस बोलावतो. माणूस पोचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कुलूप तुटायला जास्त लागला पाहिजे, आणि अलार्म अशा माणसाला कळला पाहिजे जो खरंच येणार आहे. तुझ्याकडे एक मिनिटात तुटणारं लॉक होतं आणि कोणीच न येणारा अलार्म होता, त्यातला एकच सुधारून भागणार नाही.

सुरुवात कुलपापासून. दीडशे किलोची गाडी दोघं-तिघं उचलून टेम्पोत टाकतात, त्यामुळे चाकाला किंवा डिस्कला लावलेलं कुठलंही लॉक गाडी जमिनीला बांधत नाही, नुसती फिरायची थांबवतं. बांधायला साखळी आणि न हलणारी वस्तू हवी. खांबाला गुंडाळू म्हटलं तर खांब जाड, त्याच्याभोवती जाऊन परत चाकातून येईल एवढी लांब साखळी प्रचंड जड. खांबात भोक पाडायचं नाही, इमारतीचा जीव त्या खांबात आणि आतल्या सळयांतच असतो. मग जमिनीत अँकर, म्हणजे साखळी अडकवायची पक्की लोखंडी कडी, बसवायचं ठरलं. इमारतीतल्या लोकांची परवानगी घेतली, खाली पाण्याची टाकी नाही हे बघून घेतलं, वरची फरशी काढून खालच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून रसायन भरून बोल्ट बसवले. बोल्टच्या डोक्यात जिथे अॅलन की जाते तिथे स्टीलची गोळी ठोकून टाकायची, मग ते उलटे फिरवता येत नाहीत. नुसत्या फरशीत बसवलेला अँकर फरशीसकट उपटतो, तेव्हा खाली काय आहे ते बघितल्याशिवाय हे काम करू नये.

साखळी १६ मिलिमीटरची, कडक केलेल्या स्टीलची. दहा-बारा मिलिमीटरपर्यंतची साखळी लांब हाताच्या बोल्ट कटरने जाते, त्याच्या पुढे हाताच्या कटरला अवघड होत जातं आणि सोळाला तो जवळपास हात टेकतो. दीड मीटरची आठ-नऊ किलो भरते, ती रोज सोबत न्यायची नसतेच, अँकरलाच अडकवून ठेवायची. लावताना ती मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) आतून अशी न्यायची, पुढच्या चाकातून नाही, कारण ते एक अॅक्सल काढला की निघतं. आणि जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीवर पडलेली कडी म्हणजे ऐरणीवर ठेवलेलं लोखंड, वर घण घालायला मोकळं, किंवा कटरचा एक हात जमिनीला टेकवून दुसऱ्यावर उभं राहता येतं. ताणून हवेत ठेवली की जोर लावायला जागाच मिळत नाही.

कुलपाकडे लोक साखळीएवढं लक्ष देत नाहीत, आणि मग जाड साखळीला गल्ल्याचं कुलूप लटकतं. कुलपाची कडी जाड हवी, बंद केल्यावर तिचा कमीत कमी भाग बाहेर दिसावा, आणि चावीचं भोक खाली तोंड करून राहील असं लावावं, पाणीही जात नाही. चावीचा प्रकारही बघावा. गोल नळीसारख्या चाव्यांची कुलपं एके काळी मजबूत समजली जायची, पण २००४ मध्ये क्रिप्टोनाईट कंपनीची सायकलची महागडी यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिक नळीने उघडतात असं निघालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आत फिरणाऱ्या चकत्यांच्या रचनेची कुलपं, जी १९०७ मध्ये फिनलंडमध्ये निघाली, ती उघडायला जास्त कठीण जातात. तुमच्याकडे मिळत असतील तर ब्रिटनच्या सोल्ड सिक्युअरचा किंवा नेदरलँड्सच्या एआरटीचा शिक्का असलेली घ्या, पहिल्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी चढती पायरी आहे आणि दुसऱ्यात तारे, मोटरसायकलसाठी चार. खोक्यावरचं "अभेद्य" वाचून काही ठरवू नका, ते सगळ्याच खोक्यांवर असतं.

मालक म्हणाला, "आणि ग्राइंडर आणला तर?" बरोबर आहे. बॅटरीवरचा ग्राइंडर आणि पातळ चकती असली तर ही साखळीही काही मिनिटांत जाते. कडी एकदा कापून भागत नाही, कडक स्टील वाकवून उघडत नाही, त्यामुळे सहसा दोन्ही बाजू कापाव्या लागतात, पण जाते. ग्राइंडरला दाद न देणारा लेप असलेली महागडी लॉक हल्ली निघालीयेत, चकत्या झिजवतात, पण मालकाच्या गाडीसाठी मला ती जास्तीची वाटली. ग्राइंडरचा तोटा असा की तो ठिणग्या उडवतो आणि किंचाळतो. म्हणजे साखळी चोराला आवाज करायला भाग पाडते आणि तीन-चार मिनिटं एका जागी बसवते. आता फक्त त्या तीन-चार मिनिटांत कोणीतरी जागं व्हायला हवं.

म्हणून अलार्म बदलला. नवा घेतला तो बदलत्या कोडच्या रिमोटचा, इंजिन चालू करायची सोय नसलेला, हलक्या धक्क्याला नुसती टिक-टिक आणि जोराच्या किंवा सलग धक्क्याला पूर्ण सायरन असा दोन पायऱ्यांचा. त्याच्या जोडीला स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर, जो गाडी हलली की फोन करतो. मेसेज किंवा नोटिफिकेशन नाही, कॉल. रात्री फोन सायलेंटवर असतो, म्हणून तो नंबर फोनमध्ये असा सेव्ह केला की सायलेंटवरही वाजेल. चौथ्या मजल्यावर मागच्या खोलीत आवाज पोचवायचा हा एकच खात्रीचा मार्ग होता. ट्रॅकर सीटखाली ठेवला नाही कारण पहिला हात तिथेच जातो, आणि पूर्ण धातूच्या आडही ठेवला नाही कारण सिग्नल मरतो. बंद टेम्पोत गाडी टाकली किंवा सिग्नल अडवणारा जॅमर लावला तर ट्रॅकर आंधळा होतो हेही मालकाला आधीच सांगून ठेवलं. त्यावर त्याचं म्हणणं, मग ब्लूटूथचा छोटा टॅगही टाकतो. टाक म्हटलं, पण अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय ही सूचना आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर येते, त्यामुळे चोरालाही ती जाणार, तेव्हा त्याच्यावर विसंबू नको.

डिस्क लॉक डिकीतून बाहेर काढलं, पिवळी दोरी घेतली. लावताना ते कॅलिपरला जवळजवळ टेकेल असं लावायचं, म्हणजे चाक थोडंही फिरवून झटका मारायला जागा राहत नाही. आणि गाडी गिअरमध्ये उभी करायची सवय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अलार्मची संवेदनशीलता जुळवण्यात. मालकाला वाटलं मेकॅनिक एकदा स्क्रू फिरवून देईल. तसं होत नाही. आम्ही तळहाताने सीटवर थापटून, टायरला पाय लावून, हँडल हलवून बघितलं, मग काही रात्री तो लावून ठेवला आणि जितक्या वेळा वाजला तितक्या वेळा वेळ आणि कारण वहीत लिहायला सांगितलं. कारणं मजेशीर निघाली. मांजर होतंच. पहाटे येणारा कचऱ्याचा ट्रक होता. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार निघालं गाडीचं कव्हर, वारा आला की फुगून आरशाला ओढायचं. कव्हर चांगलं, गाडी कोणती ते झाकतं आणि चोराला ते उचलून बघावं लागतं, पण त्याला पोटाखालून पट्टा हवा. पट्टा बांधल्यावर खोटे अलार्म इतके कमी झाले की काकूंनी "दुरुस्त केलीत वाटतं" असं प्रमाणपत्र दिलं.

आणि एक नियम ठरवला, तो माझ्या मते साखळीएवढाच महत्त्वाचा. अलार्म एका रात्रीत विनाकारण दोनदा वाजला तर तो बंद करायचा नाही, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायचं. एकट्याने खाली धावत जायचं नाही, चोरांकडे पहार असते. जिन्यातला आणि पार्किंगचा दिवा लावायचा, खिडकीतून ओरडायचं, पहिल्या मजल्यावर फोन करायचा. काकूंना आणि वॉचमनना मालकाचा नंबर देऊन ठेवला, म्हणजे रागवायचं असलं तरी सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच फोन करून रागवा.

पुढे काय झालं

काही महिन्यांनी मालकाचा फोन रात्री वाजला. त्याने दिवे लावले, काकू तोपर्यंत खिडकीत येऊन ओरडत होत्या, खाली कोणी नव्हतं. साखळीवरचं कापडी आवरण ब्लेडने चिरलेलं होतं, आतल्या कडीवर एक ओरखडा, बस. कॅमेऱ्यात दिसलं ते असं की एकजण खाली बसला, आवरण फाडून कडी चाचपून बघितली, उठला, आणि सरळ शेजारच्या स्कूटरकडे गेला. तिचं हँडल लॉक त्याने तोडलंही, तेवढ्यात दिवे लागले म्हणून पळाला.

स्कूटरवाल्याला हे दाखवलं तेव्हा तो मालकावरच उखडला, "तुझ्या साखळीमुळे माझ्या गाडीवर आलं." यात तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. चोर रिकाम्या हाताने जायला आलेला नसतो, एक गाडी अवघड दिसली की तो पुढची बघतो. पण त्या भांडणातून एक चांगलं झालं, इमारतीने खर्च वाटून घेऊन त्या रांगेत आणखी अँकर बसवले आणि फाटकाला बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच लावलं, जे खरं तर पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

अजून एक भोक उरलंय ते कामाच्या ठिकाणचं. तिथे दिवसभर गाडी उघड्यावर, अँकर बसवू देत नाहीत, सोळाची साखळी नेणं शक्य नाही. तिथे सध्या डिस्क लॉक आणि एक दहा मिलिमीटरची साखळी, जी मालक त्याच्याच पाळीतल्या एका सहकाऱ्याच्या बाईकला जोडून लावतो, दोन गाड्या एकत्र बांधल्या की ना ढकलता येतात ना सहज उचलता येतात. किल्ली दोघांकडे, अलार्म दोन्ही गाड्यांना. चाललं होतं छान, पण त्या सहकाऱ्याची पाळी पुढच्या महिन्यात बदलतेय, त्यामुळे सध्या मालक ऑफिसात नवा जोडीदार शोधतोय आणि लोक त्याला विचारतायत की एवढी काळजी असेल तर बसने का येत नाहीस.